दर्दीला इंग्रजीत काय म्हणायचं?

विनायक, तू गेल्यापासून मी इंग्रजीत अडकून पडले आहे.

माणूस गेला की लोक रडतात, भेटायला जातात, घरी डबे पोचवतात. मी शब्दकोश घेऊन बसले आहे. रविवारी आपल्या गाण्याच्या मंडळानं तुझी शोकसभा ठेवलीय, गिरगावातल्या आपल्या नेहमीच्या शाळेच्या हॉलमध्ये, आणि सभेसाठी एक छोटं कार्ड छापायचं आहे. वर तुझा फोटो, चष्मा कपाळावर ढकललेला, खाली नाव, आणि नावाखाली ‘दर्दी श्रोता’. इथवर कुणाचं दुमत नव्हतं. मग तुझ्या लेकीचा, मीनलचा, एडिनबराहून फोन आला. कार्डावर इंग्रजीतही एक शब्द हवा, म्हणाली. तिच्या सासरच्या माणसांसाठी, आणि मुख्य म्हणजे ईरासाठी. आपले आजोबा कोण होते, हे नातीला वाचता यायला हवं. मंडळाचे चिटणीस पाटकर लगेच म्हणाले, “सुधाताई देतील की! विनायकरावांच्या बरोबरीनं इंग्रजी पत्रकं त्यांनीच तर लिहिली.” झालं. तेव्हापासून मला हीच काळजी.

तू असतास तर म्हणाला असतास, “सुधाला काळजी करायचा पगार होता, आता पेन्शन चालू आहे.” म्हण खुशाल. पण या वेळची काळजी खरी आहे आणि ती तुझ्यामुळेच आहे. शब्द सापडत नाही, हे तर झालंच. सापडला आणि त्याचा अर्थ ईराला सांगावा लागला तर काय होईल, याची मला जास्त धास्ती वाटते. नीट क्रमानं सांगते. एरवी तू मधेच तोंड घातलं असतंस. आता कुणी घालत नाही, तर माझंच बोलणं मधे मधे तुटतंय.

हा शब्द आपण कधीपासून शोधत होतो, आठव. मंडळाच्या बैठकांना दोनचार परदेशी विद्यार्थी यायला लागले आणि पाटकरांनी इंग्रजी पत्रकाचं काम आपल्या गळ्यात मारलं. मी दादरच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलं, म्हणून मी. तू कॉटन ग्रीनच्या गोदामातल्या ऑफिसात इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळलास आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर तुला मत असायचं, म्हणून तू. रविवारी सकाळी मी ठाकूरद्वारला तुझ्याकडे यायचे. तू पोहे करायचास, मीठ विसरायचास, आणि आपण पत्रकाच्या पहिल्याच वाक्याला अडायचो. ‘ही बैठक दर्दी श्रोत्यांसाठी आहे.’ करा याचं इंग्रजी.

“म्युझिक लव्हर,” मी म्हटलं.

“लव्हर? म्युझिकला घेऊन चौपाटीवर फिरायला जातो काय मी?”

“एन्थुझिअस्ट.”

“तो पिकनिकच्या बसमध्ये अंताक्षरी सुरू करतो ना, तो. पुढे.”

“कॉनसर घे मग. जाणकाराला चांगला भारदस्त शब्द आहे.”

“ते वाइन चाखून थुंकतात ते? टीव्हीवर बघितलंय मी. आपण थुंकतो का गं?”

फॅन म्हटलं, तर तो आलाप चालू असताना सेल्फी काढतो. ऑडिओफाइल म्हटलं, तर त्याला गाण्यापेक्षा स्पीकर प्यारा. एकदा मी जाड शब्दकोशातून मेलोमॅनिअॅक, म्हणजे संगीतवेडा, शोधून आणला. तो तुला जरा आवडला. वाडीतल्या दोघातिघांना तू तो ऐकवूनही आलास. पुढच्या रविवारी म्हणालास, “नको. लोक डॉक्टरचा नंबर देतायत.”

मी वैतागून विचारलं, “तुला नक्की हवंय तरी काय?”

तू हातातला घास तसाच ठेवलास. “यात दुखतं कुठे? तुझ्या सगळ्या शब्दांतला माणूस मजेत आहे गं. पोटभर ऐकतो, टाळ्या वाजवतो, घरी जाऊन झोपतो. आपल्याला मजा येते का? बरोबर सूर लागला की आपण कामातून जातो.”

माझं म्हणणं असं की दोष भाषेचा नाही. तिकडची माणसंही आतून हलतात, फक्त गप्प बसून. कळवळत नाहीत. तू म्हणायचास, “कळवळायचं नाही तर तिकीट कशाला काढायचं?” हे भांडण आपण कधी मिटवलंच नाही. शेवटी पत्रकात मी ‘सीरियस लिसनर्स’ लिहून मोकळी व्हायचे आणि तू “सीरियस म्हणजे आयसीयूतले” असं पुटपुटत कागद पाटकरांकडे पाठवायचास.

पण कळवळणं हा शब्द तुझ्याबाबतीत अगदी खरा होता. लोक ‘वा’ म्हणतात, ‘क्या बात है’ म्हणतात. तुझी दाद म्हणजे कुणीतरी पाय तुडवल्यासारखी. सूर लागला की तू डोळे मिटून घ्यायचास, मान नाही-नाही म्हटल्यासारखी हलवायचास, जिभेनं ‘च्च, च्च’ करायचास. त्याहून चांगला लागला तर “अरेरेरे!” आणि अगदीच जिव्हारी लागला तर हात वर करून “बस, बस! मारलंस!” गायकांना ते ठाऊक होतं. तिसऱ्या रांगेतून ‘बस’ आलं की त्यांचा चेहरा उजळायचा. खरं सांगायचं तर मी पुष्कळदा गायकाकडे बघतच नसे, तुझ्याकडे बघत असे. कुठे काय घडून गेलं, ते मला तुझ्या चेहऱ्यावरून कळायचं. गाणं मी तुझ्या शेजारी बसून शिकले. हे तुला कधी बोलून दाखवलं नाही, कारण तू लगेच फुशारकी मारली असतीस.

आणि ती पाण्याच्या बाटलीवाली मुलगी? मारवा चालला होता, गायिका त्या कोमल रिषभावर येऊन नुसती उभी राहिली होती, आणि तू छातीवर हात धरून “मेलो, मेलो” करत होतास. मागे बसलेली ती परदेशी विद्यार्थिनी उठून वाकत वाकत तुझ्यापाशी आली, पाण्याची बाटली पुढे केली आणि माझ्या कानात विचारलं, “यांना बाहेर न्यायचं का? औषध आहे का खिशात?” मध्यंतरात तू तिला बटाटेवडा खायला घातलास आणि सगळं समजावून सांगितलंस, की बाई गं, हे दुखणं नव्हे, ही आमची पावती. ती हसून लोळायची बाकी राहिली.

परकीला समजावलंस, विनायक. घरच्या पोरीला समजावायचं तुला सुचलं नाही. मलाही सुचलं नाही. ती आपली, तिला काय सांगायचं, असंच आपण धरून चाललो.

ती दुपार तुला आठवत असेल. पत्रकासाठी सकाळी आलेली मी अजून तिथेच होते आणि ईराचा व्हिडिओ कॉल आला. मीनल कुठेतरी बाहेर गेली होती. पोरगी एकटीच, व्हायोलिनच्या थोरल्या भावासारख्या त्या भल्यामोठ्या चेलोला मिठी मारून बसलेली. “आजोबा, ऐका,” एवढं मराठीत म्हणाली आणि वाजवायला लागली. काहीतरी संथ होतं. तिकडचं संगीत मला कळत नाही, तुलाही कळत नव्हतं, पण एका जागी ती एका सुरावरून दुसऱ्या सुरावर इतकी सावकाश उतरली की मी हातातलं पेन खाली ठेवलं. तुझं तर सगळं सुरू झालं. डोळे मिटलेले, मान हलतेय, च्च च्च, मग “अरेरेरे! काय करतेस गं हे!” आणि मग तळहात कॅमेऱ्यासमोर धरून, “बस! बस कर!”

तिनं गज उचलला. “सॉरी, आजोबा,” म्हणाली. आणि स्क्रीन काळी झाली.

“नेटवर्कनं घात केला,” तू म्हणालास. तुझे डोळे भरले होते. मी म्हटलं, येईल पुन्हा फोन. आला नाही. पुढच्या रविवारी मीनलचा आला, त्याच्या पुढच्यालाही तिचाच. ईरा दोन मिनिटं येऊन ‘हाय आजोबा’ म्हणून जायची. तू विचारायचास, “काय करते आमची कलाकार?” मीनल म्हणायची, परीक्षा आहे बाबा, आता ती मोठी झालीय.

मी तुला कितीदा म्हटलं, अरे सरळ सांग ना तिला, वाजव म्हणून. तू ऐकेनास. “फर्माइश करायची नसते. कलाकाराला वाटलं तर तो वाजवेल, आपण तयार बसायचं.” अरे, पण ती तुझी नात! शाळेतली पोर! तुझं उत्तर ठरलेलं, “मग काय झालं? वाजवते ना? मग कलाकार.” तू लॅमिंग्टन रोडवरून फोनला जोडायचा एक स्पीकर आणून ठेवलास, चेलोचा खर्ज मोबाइलवर येत नाही म्हणून. दर रविवारी तो पुसायचास. एकदा पत्रक लिहिता लिहिता मधेच मला विचारलंस, “आपण वाईट श्रोते आहोत का गं, सुधा?” मला वाटलं, मंडळाबद्दल बोलतोयस. मी म्हटलं, छे रे.

आता गेल्या आठवड्यातलं. मीनलनं त्या शब्दासाठी फोन केला आणि बोलता बोलता ईराकडे दिला. मी म्हटलं, तुझ्या आजोबांसाठी शब्द शोधतेय, तुला काय वाटतं? ती इंग्रजीत बोलली, तुला मराठीत सांगते. म्हणाली, “सुधाआजी, गोड शब्द नको. खरा दे. त्यांना माझं वाजवणं सहन झालं नव्हतं. मान हलवत होते, थांब म्हणाले. पण मला त्याचा राग नाही. बाकी सगळे मला छान म्हणतात. ते एकटे खोटं बोलले नाहीत. त्यांना संगीत इतकं कळत होतं. असा काही शब्द आहे का?”

मी म्हटलं, बघते हं बाळा, आणि फोन ठेवून दिला.

तेव्हापासून मला घास गेलेला नाही, म्हटलं तरी चालेल. दुधाखाली गॅस तसाच राहतो, ते उतू जातं. रानडे रोडवर भाजी घ्यायला गेले आणि पिशवी भाजीवाल्याकडेच विसरून आले. डोक्यात एकच, सांगायचं की नाही? सांगितलं तर तिला कळणार, की आजोबा खूश झाले होते. पण त्याच क्षणी हेही कळणार की ते वाट बघत राहिले, आणि आपण वाजवलं नाही. आता ते भरून काढायची सोय नाही. आत्ता तिच्याजवळ एक आजोबा आहेत, कडक, खरं बोलणारे. त्या आजोबांवर तिनं प्रेम केलंय, स्वतःची समजूत घातलीय. मी कोण ते मोडणारी? आणि नाही सांगितलं, तर कार्डावरचा शब्द ती आयुष्यभर वाचणार आणि त्यात स्वतःला नापास समजणार. मीनलला विचारावं, तर ती बाप गेल्याच्या दुःखात. तिला वाटणार, आपण घरात असतो तर हे झालंच नसतं.

आणि मधेच पाटकरांचे फोन. “सुधाताई, छापखानेवाला खोळंबलाय हो. एक शब्द तर द्यायचाय!”

“पाटकर, तोच एक द्यायचाय,” मी म्हटलं. त्यांना काय कळलं असेल कोण जाणे.

मी लिहून बघत होते. ‘अ लिसनर हू सफर्ड ब्यूटिफुली.’ तू हसलेलं मला स्पष्ट ऐकू आलं. ‘वूंडेड बाय म्युझिक.’ हे तर लढाईतून परत आल्यासारखं. डिव्होटी, तर हातात टाळ दिल्यासारखा. तुला एकेक शब्द घालून बघत होते आणि प्रत्येक शब्द तुझ्या अंगाला कुठेतरी आखूड होत होता. शेवटी मला तुझा रागच आला. इतकी वर्षं तू माझा प्रत्येक शब्द मोडीत काढलास. हा पोकळ, तो उथळ, त्यात दुखतच नाही. असेना पोकळ! एखादा पोकळ शब्द त्या पोरीला दिला असतास तर काय बिघडलं असतं? तुझा चोखंदळपणा तिला भोवला, विनायक. मेलेल्या माणसावर असं ओरडू नये. मी स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्यानं ओरडले.

काल संध्याकाळी मी ईराला फोन केला. तिकडे दुपार होती, ती घरात एकटीच होती. आधी ठरवलं होतं की हळूहळू विषयावर यायचं, पण माझ्याच्यानं धीर धरवला नाही. मी सगळं एका दमात सांगितलं. मान हलवणं म्हणजे काय, च्च म्हणजे काय, ‘बस’ ऐकायला इथले गायक कसे जीव टाकतात. बाटलीवाल्या मुलीचं सांगितलं. तेव्हा ती हसली. मग एकदम थांबली.

“पण त्यांनी मला परत कधी वाजव म्हटलं नाही.”

“आमच्याकडे असं म्हणत नाहीत बाळा. कलाकाराला मागायचं नाही. तो देईल तेव्हा घ्यायचं.”

“मी कलाकार नाही.”

“हे त्यांना सांगून बघायचं होतंस.”

फोन कट झाला की काय, म्हणून मी दोनदा कानापासून दूर धरून बघितला. मग ती म्हणाली, “म्हणजे ते वाट बघत होते.”

हाच प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. यावरच मी सगळे दिवस घालवले होते. नाही म्हणायचं असंही एकदा ठरवून झालं होतं. पण गोड नको, खरं दे, असं तीच म्हणाली होती. मी म्हटलं, “हो. बघत होते.”

ती रडायला लागली. मला ते ऐकवेना. माणूस समोर असला तर निदान पाठीवरून हात फिरवता येतो. मी दादरमध्ये, हातात फोन, आणि ती तिकडे. आपण हे काय करून बसलो, असं वाटून माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. मी तिला नुसती “अगं, अगं” करत होते, तेही मराठीत.

रडता रडता ती चिडली. “त्यांना इंग्रजी येत होतं ना? मग साधं ‘गुड’ म्हणता येत नव्हतं? हा शब्द त्यांना माहीत नव्हता?”

काय सांगू तिला? माहीत होता. पण तुझ्या लेखी तो बाईंनी वहीवर मारायचा शेरा होता, गाण्याजवळ आणायचा शब्द नव्हता. मी म्हटलं, “माहीत होता गं. त्यांना तो लहान वाटायचा.”

“मला चालला असता,” ती म्हणाली.

मग फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला. खुर्ची सरकली. तारा जुळवल्याचं ऐकू आलं. काय चाललंय ते मला कळेना, मी दोनतीनदा हाक मारली. आणि तिनं वाजवायला सुरुवात केली. तेच होतं की दुसरं काही, मला सांगता येणार नाही. मोबाइलवर अर्धा आवाज येतच नव्हता. खर्ज तर नाहीच. सुरुवातीला हात बिचकत होता, दोनदा चुकली, थांबली, पुन्हा धरलं. मी फोन कानाला इतका दाबून धरला की कान दुखायला लागला. मग हात बसला. मी ऐकत होते आणि माझ्या शेजारी बघायला तुझा चेहरा नव्हता. कुठे काय घडतंय, ते पहिल्यांदाच मला माझं मला ऐकावं लागत होतं. आणि ऐकू आलं, विनायक.

आज सकाळी मी पाटकरांना कळवलं, की नावाखाली मराठीच राहू दे, इंग्रजी काही नको. ते म्हणाले, “काय हो, एवढे दिवस घेतलेत आणि शब्द नाहीच?” मी म्हटलं, नाही. रविवारी ईरा तिकडून फोनवर वाजवणार आहे, तेवढी सोय बघा. आता त्याचीही काळजी आहे. शोकसभा म्हणून लोक माना खाली घालून बसतील, कुणी हूं की चूं करणार नाही, आणि ती पुन्हा काय समजेल कोण जाणे. मी पुढच्या रांगेत बसणार आहे.

पण कालचं पुरं सांगते. तिचं वाजवून झालं. गज बाजूला ठेवल्याचं ऐकू आलं. तिनं फोन उचलला, श्वास लागला होता तिला. काही विचारलं नाही. नुसती थांबून राहिली. तुझी च्च, तुझं अरेरे, तुझं मारलंस, सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं. ते मी गिळलं.

“गुड,” मी म्हटलं. “व्हेरी गुड, ईरा.”

“हे कोण म्हणतंय?” तिनं हळूच विचारलं. “तू, की आजोबा?”

“दोघंही,” मी सांगून टाकलं. विचारायला तू नव्हतास.